कंट्रोलरवरचें आवरण

आखाड्यांत उतरलेला पहिलवान कुस्तीपूर्वीं तळहातांवर माती चोळतो. फलंदाज बॅटच्या दांड्यावरची रबरी ग्रिप झिजली कीं ती बदलून घेतो. दोघांची अडचण एकच असते. हाताला घाम येतो आणि धरलेलें निसटूं पाहतें. व्हर्च्युअल रिॲलिटीच्या खेळांत हीच अडचण अधिक बिकट होऊन येते, कारण डोळ्यांवर हेडसेट चढवलेल्या माणसाला आपली खरी खोली दिसत नसते. त्याच्या दोन मुठींत दोन कंट्रोलर असतात. आभासी जगांत तो जी तलवार फिरवतो किंवा जो चेंडू फेकतो, त्याचें या जगांतलें रूप म्हणजे सुमारे दीडशे ग्रॅम वजनाचें हें प्लास्टिकचें यंत्र. खेळाच्या भरांत मूठ सैलावली म्हणजे तें यंत्र भिंतीवर, टेलिव्हिजनच्या कांचेवर, आणि एखादे वेळीं शेजारीं मौज पहात उभ्या असलेल्या लहान भावंडाच्या तोंडावर जाऊन आदळतें.

हें टाळण्यासाठीं बाजारांत जीं आवरणें मिळतात त्यांना ग्रिप कव्हर म्हणतात. कांहीं मोज्यासारखीं पातळ, कांहीं जाड व फुगीर. कांहींना हाताच्या पाठीवरून जाणारा पट्टा, तर कांहींना यंत्राचें वरचें कडेंही झांकणारा भाग असतो. विकत घेणारा बहुधा जाडी पाहतो. जितकें जाड तितकें सुरक्षित, असें वाटणें स्वाभाविकच आहे. परंतु कंट्रोलर म्हणजे कांहीं कांचेचा पेला नव्हे, कीं गवतांत गुंडाळून ठेवला म्हणजे काम भागलें. त्याला दुसऱ्या यंत्राच्या नजरेस पडावें लागतें, बोटांचा स्पर्श ओळखावा लागतो. नको तेथें झांकला तर तो सुरक्षित राहील खरा, पण निरुपयोगी होऊन राहील. म्हणून आवरण निवडतांना तें काय झांकतें याच्या आधीं तें काय उघडें ठेवतें हें पाहणें अगत्याचें आहे.

आवरणाची गरज व्हर्च्युअल रिॲलिटीचे संच घरोघर येण्याच्या बरीच आधीं लक्षांत आली होती. निन्टेंडो या जपानी कंपनीचा वी नांवाचा खेळसंच नोव्हेंबर २००६ मध्यें बाजारांत आला. हातांतली कांडी हलवून पडद्यावर टेनिस किंवा बोलिंग खेळावयाचें, ही त्याची नवलाई. बोलिंगमध्यें चेंडू सोडण्यासाठीं कांडीवरचें बटण सोडावयाचें असतें, कांडी नव्हे. पण फेकतांना मूठ उघडण्याची मनुष्याची संवय जन्माची. ती बटणाचें शास्त्र ऐकते थोडीच! कांड्या हातांतून सुटूं लागल्या आणि मनगटाला बांधलेल्या बारीक दोऱ्याही तुटूं लागल्या. त्याच वर्षीच्या डिसेंबरांत कंपनीनें सुमारे ३२ लक्ष पट्टे बदलून देण्याचें जाहीर केलें, आणि ०.६ मिलिमीटर जाडीची दोरी १ मिलिमीटरची केली. पुढें ऑक्टोबर २००७ पासून कांडीसाठीं सिलिकॉनचें एक जाकीट देण्यास प्रारंभ झाला, आणि तें जुन्या ग्राहकांनाही विनामूल्य मिळालें. यांतला क्रम ध्यानांत घेण्याजोगा आहे. आधीं मनगटाची दोरी सुधारली, जाकीट मागाहून आलें. आजही ज्याला दोहोंपैकीं एकाच वस्तूवर पैसे खर्चावयाचे असतील त्यानें ते मनगटाच्या चांगल्या पट्ट्यावर खर्चावे. आवरण आघात सौम्य करतें, पट्टा मुळांत यंत्राला उडूंच देत नाहीं. आणि उडालेल्या यंत्रानें ज्या पोराचा ओठ फुटतो त्याला वरचें सिलिकॉन फारसें वांचवीत नाहीं.

आघात सौम्य होतो म्हणजे काय होतें, हें साध्या हिशेबानें कळतें. एक मीटर उंचीवरून पडलेली वस्तु जमिनीला टेकतांना सेकंदाला सुमारे ४.४ मीटर वेगानें जात असते. हा वेग शून्यावर येण्यास जितकें थोडें अंतर मिळेल तितका धक्का मोठा. एका मिलिमीटरांत ती थांबली तर तिच्यावर सरासरीनें तिच्या वजनाच्या हजारपट जोर येतो. म्हणजे दीडशे ग्रॅमच्या कंट्रोलरवर दीडशे किलोंचा भार क्षणभर पडल्यासारखें होतें. मधल्या मऊ पदार्थानें दबून तेंच अंतर तीन मिलिमीटर केलें कीं जोर तिसऱ्या हिश्श्यावर येतो. मात्र यांत दोन गोष्टी विसरूं नयेत. दोन मिलिमीटर जाडीचें आवरण कांहीं दोन मिलिमीटर दबत नाहीं, त्याचा थोडाच अंश दबतो. शिवाय तें जेथें आहे तेथेंच उपयोगी पडतें. केवळ मुठीवर बसणारें आवरण हें खरें पाहतां हाताच्या पकडीसाठीं असतें. भिंतीला प्रथम भिडणारा यंत्राचा माथा त्यानें झांकला जात नाहीं.

मग माथाही झांकावा, असें कोणीही म्हणेल. येथेंच खरी मेख आहे.

मेटा कंपनीच्या क्वेस्ट २ या ऑक्टोबर २०२० मध्यें निघालेल्या संचाच्या कंट्रोलरांना वर एक कडें असतें. त्या कड्यांत अवरक्त प्रकाशाचे, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे, बारीक दिवे बसवलेले असतात, आणि हेडसेटवरचे चार कॅमेरे त्या दिव्यांच्या ठिपक्यांवरून हात कोठें आहे हें सतत ताडीत असतात. दिवे दिसेनासे झाले तर कंट्रोलरमधलीं गति मोजणारीं साधनें कांहीं क्षण अंदाजानें काम चालवतात. पण अंदाजांतली चूक सांचत जाते आणि आभासी हात भलतीकडे तरंगत जातो. ज्या आवरणाची कड दिव्यांवर येते तें असा घोटाळा करूं शकतें. ऑक्टोबर २०२३ च्या क्वेस्ट ३ मध्यें तर कडेंच काढून टाकलें आहे. तेथें दिवे कंट्रोलरच्या वरच्या पृष्ठभागांत आहेत आणि मुठीच्या खालच्या टोकाकडेही एक आहे. खालचें टोक बंद करणारें आवरण दिसावयास सुबक असतें, पण तें घेण्यापूर्वीं त्या दिव्यासाठीं खिडकी ठेवली आहे कीं नाहीं हें पाहावें.

सर्वच संचांची रीत एक नाहीं. २०१६ च्या एचटीसी व्हाइव्हमध्यें योजना नेमकी उलट आहे. तेथें खोलीच्या कोपऱ्यांत ठेवलेल्या पेट्या प्रकाशाचे झोत फिरवतात, आणि कंट्रोलरच्या कड्यावर जे खळगे दिसतात त्यांतले संवेदक तो प्रकाश टिपतात. खळगे शोभेचे समजून त्यांवर रबर चढवणें म्हणजे मनुष्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधण्यासारखें आहे. २०२२ च्या क्वेस्ट प्रोच्या कंट्रोलरांना तर स्वतःचे कॅमेरे आहेत. दिवे असोत, संवेदक असोत वा कॅमेरे, परीक्षा एकच. आवरण चढवून हात पुढें, डोक्यावर, कमरेपाशीं आणि थोडा पाठीकडे न्यावा; नंतर आवरण काढून तेंच करावें. पहिल्या वेळीं हात अडखळला आणि दुसऱ्या वेळीं नाहीं, तर आवरण कितीही उंची असो, परत करावें.

कड्याला जाड कवच चढवण्यांत आणखी एक अडचण आहे. मुठीपासून दूर वाढवलेलें थोडेंसें वजनही मनगटाला अधिक जड लागतें. दोन्ही हात जवळ आणावे लागतात अशा खेळांत, जसें धनुष्याची दोरी गालापर्यंत ओढणें किंवा दोन्ही हातांनीं बंदूक धरणें, फुगीर कवचें एकमेकांवर आणि हेडसेटवर आपटतात. बीट सेबरसारख्या खेळांत दोन्ही हात वेगानें एकमेकांना छेदून जातात. तेथें रुंदावलेला कंट्रोलर रक्षणापेक्षां टकरींनाच अधिक निमंत्रण देतो.

बोटांचा प्रश्न निराळा. पुष्कळ कंट्रोलरांना अंगठा बटणावर टेकला आहे कीं उचललेला आहे हें दाबल्यावांचून कळतें, आणि त्यावरून आभासी हाताचीं बोटें मिटतात वा उघडतात. बटणें, चाप आणि अंगठा टेकण्याची जागा म्हणूनच मोकळी हवी. २०१९ च्या व्हाल्व्ह इंडेक्समध्यें तर मूठच बोटें ओळखते. तिच्यावर जाड आवरण घालणें त्या यंत्राचा मुख्य गुणच दडपणें होय. लहान हातांच्या माणसानें दुसरीही गोष्ट पाहावी. आवरणानें मुठीचा घेर वाढतो, तर्जनी चापापर्यंत नीट पोंचत नाहीं, आणि पकड सुधारण्यासाठीं घेतलेली वस्तु पकड बिघडवते.

हाताच्या पाठीवरून जाणाऱ्या पट्ट्याची महती मात्र निःसंशय आहे. घोड्याच्या अंगावर फिरवण्याच्या ब्रशाला जसा पट्टा असतो तसाच हा. तो नीट बसला म्हणजे मूठ उघडली तरी यंत्र तळहाताशीं राहतें. याचा लाभ केवळ न पडण्यापुरता नाहीं. घसरण्याच्या भयानें जो खेळाडू अर्धा तास यंत्र आवळून धरतो त्याचे पुढचे हात भरून येतात; पट्टा असला कीं तोच सैल हातानें खेळतो आणि फेकतांना मूठ निर्धास्त उघडतो. पट्टा इतका घट्ट नसावा कीं बोटांना मुंग्या याव्या, आणि इतका सैलही नसावा कीं हात झटकतांच कंट्रोलर फिरावा. तो लावला तरी मनगटाची दोरी सोडूं नये.

आतां पदार्थाविषयीं. सिलिकॉन हें बहुतेकांच्या परिचयाचें. तें साबणाच्या पाण्यानें धुतां येतें, उन्हाळ्यानें वा दमटपणानें सहसा बिघडत नाहीं. पण त्याला धूळ व केस फार चिकटतात, आणि एकदां कडेला चीर पडली कीं ती पुढें फाटत जाते. पाणी तें शोषून घेत नाहीं, त्यामुळें अगदीं गुळगुळीत सिलिकॉन घामानें निसरडें होतें. खरबरीत किंवा बारीक खांचांचा पृष्ठभाग असलेलेंच पसंत करावें. कृत्रिम चामडें हाताला गोड लागतें. परंतु त्यांतल्या पुष्कळ प्रकारांवर पॉलियुरेथेनचा थर असतो, आणि तो थर दमट उष्म्यांत हळूहळू विघटित होऊन पापुद्र्यांनीं सुटूं लागतो. कोंकणांत व मुंबईंत ज्यांनीं पावसाळ्यानंतर कपाटांतून काढलेल्या पर्सचे वा बुटांचे पापुद्रे पाहिले आहेत त्यांना हें अधिक सांगावयास नको. तेथल्या घरांत सिलिकॉनच बरें. कोरड्या हवेच्या गांवीं चामड्याचा विचार करण्यास हरकत नाहीं.

मऊ तें निरुपद्रवी, असेंही गृहीत धरूं नये. क्वेस्ट २ च्या चेहऱ्यावर टेकणाऱ्या फोमच्या गादीनें कांहींच्या त्वचेची आग होऊं लागली, म्हणून जुलै २०२१ मध्यें एकट्या अमेरिकेंत सुमारे ४० लक्ष गाद्यांविषयीं परत घेण्याची सूचना निघाली, आणि ग्राहकांना वरून चढवावयास सिलिकॉनचें आवरण देण्यांत आलें. तळहाताची कातडी चेहऱ्याच्या मानानें जाड असते हें खरें. तरीही नवीन आवरण प्रथम धुवावें, आणि हाताला खाज सुटली तर वापर थांबवावा.

मापाच्या बाबतींत दुकानदाराच्या तोंडी आश्वासनावर विसंबूं नये. क्वेस्ट ३ आणि २०२४ चा क्वेस्ट ३एस यांचे कंट्रोलर एकच, म्हणून एकाचें आवरण दुसऱ्याला चालतें. क्वेस्ट २ चें मात्र यांना चालत नाहीं, आणि २०१९ च्या पहिल्या क्वेस्टचें क्वेस्ट २ ला बसत नाहीं. डावें व उजवें आवरण निराळें असतें. या तिन्ही पिढ्यांच्या कंट्रोलरांत एकेक एए सेल असतो. तेव्हां सेलच्या झांकणापाशीं आवरणाला उघडणारी झडप असावी. झडप नसली कीं सेल बदलणें कंटाळवाणें होतें, माणूस तो तसाच आंत ठेवतो, आणि महिनोन् महिने पडून राहिलेला अल्कलाइन सेल पाझरून आंतल्या धातूच्या पट्ट्या खातो. चार्ज करावयाच्या कंट्रोलरांना जर तबकावर ठेवून चार्ज करण्याची सोय असेल, तर आवरणासकट ते तबकांत बसतात कीं नाहीं हें घेतांनाच तपासावें.

चढवतांना सिलिकॉन ओढून ताणूं नये. आंतून किंचित् साबणाचें पाणी लावलें कीं तें सहज सरकतें, मात्र सेलची जागा त्या वेळीं बंद असावी आणि ओल पुसून घ्यावी. महिन्यांतून एकदां आवरण काढून धुवावें, सावलींत पूर्ण वाळवावें आणि मगच परत घालावें, कारण आंत अडकलेला घाम प्लास्टिकच्या सांध्यांत मुरतो. शाळेंत किंवा प्रदर्शनांत एकच संच अनेकांच्या हातीं जातो. तेथें महिन्याची वाट न पाहतां रोज आवरणें बदलतीं राहतील इतके जोड ठेवावे.