विश्लेषण : ‘आयसीयू’तील रुग्णाचे जुलाब धोक्याचे का?

जुलै २०२२ मध्ये मेळघाटातील पाचडोंगरी आणि कोयलारी या गावांत विहिरीच्या दूषित पाण्यातून कॉलरा पसरला, त्यात जीवही गेले. त्यामुळे अमरावती-अकोल्यात जुलाब म्हटले की आधी पाण्यावर संशय जातो. मात्र अतिदक्षता विभागात (आयसीयू) अनेक दिवस असलेल्या रुग्णाला जुलाब लागले, तर कारण वेगळे असू शकते. ‘क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिल’ किंवा ‘सी डिफ’ हा जिवाणू त्यापैकी एक.

संसर्ग कसा होतो?

न्यूमोनिया, सेप्सिस यांवरील प्रतिजैविके जीव वाचवतात, पण आतड्यातील उपयुक्त जिवाणूही मारतात. त्या रिकाम्या जागेत सी डिफ वाढतो. त्याच्या विषद्रव्यांमुळे मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज येते. हा जिवाणू १९३५ मध्ये नवजात बाळांच्या शौचात आढळला होता. प्रतिजैविकांनंतर होणाऱ्या आतड्याच्या गंभीर आजाराशी त्याचा संबंध मात्र १९७८ मध्ये उघड झाला. ज्येष्ठ रुग्णांना धोका अधिक.

निदान कसे करतात?

आयसीयूत नळीतून दिलेला आहार किंवा औषधांमुळेही जुलाब होतात. त्यामुळे २४ तासांत तीन किंवा अधिक वेळा पातळ शौच झाल्यास आणि रेचक दिलेले नसल्यास नमुना तपासतात. काहींच्या आतड्यात हा जिवाणू निरुपद्रवी असतो, म्हणून घट्ट शौच तपासत नाहीत. जिवाणूबरोबर त्याचे विषद्रव्यही शोधतात. निकाल जुळले नाहीत तर पीसीआर करतात. पांढऱ्या पेशी १५ हजार किंवा अधिक, अथवा क्रिएटिनिन १.५ पेक्षा जास्त असल्यास आजार गंभीर मानतात.

जुलाब थांबले म्हणजे धोका टळला?

नेहमीच नाही. आतड्याची हालचाल बंद पडली तरी जुलाब थांबतात. त्याच वेळी पोट फुगले, रक्तदाब घसरला तर ती आणीबाणी. अशा वेळी सीटी स्कॅन आणि शल्यचिकित्सकाचा सल्ला लागतो. काहींना शस्त्रक्रियाही करावी लागते. जुलाब रोखणारी गोळी परस्पर देणे म्हणूनच धोक्याचे.

उपचार काय?

शक्य असल्यास आधीचे प्रतिजैविक बंद करतात. व्हँकोमायसिन १२५ मिलिग्रॅम दिवसातून चार वेळा, साधारण १० दिवस, तोंडाने किंवा नाकातील नळीतून देतात. शिरेतून दिलेले व्हँकोमायसिन आतड्यात पुरेसे पोहोचत नाही. अतिगंभीर रुग्णाला मात्रा ५०० मिलिग्रॅम करून शिरेतून मेट्रोनिडाझोलही देतात.

नातेवाईकांनी काय करावे?

मेळघाटातून अमरावतीला किंवा बुलढाणा, वाशिममधून अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात येणाऱ्या अनेक रुग्णांनी आधी गावात औषधे घेतलेली असतात. त्या चिठ्ठ्या आणि गोळ्यांची रिकामी पाकिटे डॉक्टरांना दाखवावीत. रुग्णाला भेटल्यावर हात साबण-पाण्यानेच धुवावेत, कारण सॅनिटायझरने या जिवाणूचे बीजाणू मरत नाहीत. घरी परतल्यावर दोन महिन्यांत पुन्हा जुलाब लागले, तर सी डिफ उलटल्याची शक्यता असते. तेव्हा मेडिकलमधून गोळी आणण्याऐवजी थेट रुग्णालय गाठावे.