परमुलखात कामाला जाताना

रत्नागिरीकडच्या खेड्यांत हिंडले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. पुष्कळ घरांतला कोणी ना कोणी आखातात असतो. कुणी दुबईला गवंडी, कुणी मस्कतला ड्रायव्हर, कुणी कुवेतला आचारी. पूर्वी कोकणातला माणूस पोटासाठी बोटीने मुंबईला जाई. आता तो विमानाने अरबांच्या मुलखात जातो. जाण्यात वाईट काही नाही. पण तयारी न करता गेले तर हाल होतात. आणि तयारी म्हणजे नुसती बॅग भरणे नव्हे.

पहिले काम पासपोर्टाचे. पासपोर्ट म्हणजे आपल्या सरकारने दिलेली ओळखवही. तिच्यावर नंबर असतो. आधी एक इंग्रजी अक्षर, मग सात आकडे. व्हिसा आणि तिकीट हाती आले की नाव आणि नंबर पासपोर्टाशी जुळवून पाहा. इंग्रजी येत नसले तरी हरकत नाही. एकेका अक्षरावर बोट ठेवा आणि चित्र जुळवावे तसे जुळवा. एक अक्षर चुकले तरी विमानतळावर खोळंबा होतो. पासपोर्टाची मुदतही निदान सहा महिने शिल्लक हवी.

व्हिसा म्हणजे त्या देशात शिरायची परवानगी. कामाचा व्हिसा वेगळा, पाहुण्याचा वेगळा. काही एजंट म्हणतात, "आधी पाहुणा म्हणून चल, तिथं गेल्यावर बघू." अशा माणसाला दुरूनच रामराम करावा. पाहुण्याच्या व्हिसावर मजुरी करणे हा तिकडे गुन्हा आहे. मग पगार बुडाला तरी तक्रार कोणत्या तोंडाने करणार?

जो दहावी पास नाही, त्याच्या पासपोर्टावर बहुधा 'ईसीआर' अशी नोंद असते. अशा माणसाला आखातात कामाला जाण्याआधी आपल्या सरकारची मंजुरी लागते. ती देणाऱ्या अधिकाऱ्याला 'प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स' म्हणतात. मुंबईला त्यांची कचेरी आहे. लोकांना ही कटकट वाटते. आम्हाला तसे वाटत नाही. मालक कोण, काम कोणते, पगार किती, हे त्या वेळी सरकारदप्तरी लिहिले जाते. उद्या माणूस अडकला तर त्याला कुठे शोधायचे, हे निदान ठाऊक असते. त्याच वेळी प्रवासी भारतीय बीमा योजनेचा विमाही उतरावा लागतो. २०१७ साली सुधारलेल्या योजनेत त्याचा हप्ता दोन वर्षांना २७५ रुपये ठरला. अपघातात माणूस गेला किंवा कायमचा अपंग झाला, तर १० लाख रुपयांचे संरक्षण त्यात आहे.

एजंटाला सरकारी परवाना असतो. त्याचा नंबर विचारा. तो खरा की खोटा, हे सरकारच्या 'ई-मायग्रेट' या जागी मोबाइलवर पाहता येते. गावातल्या शिकलेल्या पोराला सांगा, तो पाहून देईल. परवानेवाल्या एजंटाने ३० हजार रुपये आणि त्यावरचा कर, याहून जास्त घ्यायचे नाहीत, असा नियम आहे. पण लोक जमीन गहाण टाकून लाख-दोन लाख मोजतात, आणि पावतीही मागत नाहीत!

आता सहीचे पाहू. तुम्हाला सही येऊ लागली, ही आनंदाची गोष्ट. पण सही येते म्हणून दिसेल त्या कागदावर करू नका. पगार किती, कामाचे तास किती, जेवण आणि खोली कुणाच्या खर्चाने, परतीचे तिकीट कोण देणार, हे करारात लिहिलेले हवे. कागद इंग्रजीत किंवा अरबीत असतो. तो जाणत्याकडून वाचून घ्या. तिकडे पोचल्यावर कुणी दुसराच करार पुढे करतो, त्यात पगार कमी असतो. म्हणून पहिल्या कराराची प्रत जवळ ठेवा आणि एक घरी ठेवा.

डॉक्टरी तपासणी कर्ज काढण्याच्या आधी करा, मागाहून नव्हे. छातीचा फोटो काढतात, रक्त तपासतात. जुन्या क्षयाचा डाग दिसला तरी माणूस नापास होऊ शकतो. तिकडे गेल्यावर पुन्हा तपासणी होते, आणि नापास झाला तर परत पाठवतात. मग कर्ज तेवढे डोक्यावर राहते.

शेवटी बॅग. इथे आईची माया आडवी येते.

"बाळा, एवढा मसाला तरी ने. आणि डिंकाचे लाडू बांधलेत."

"आई, त्यात खसखस आहे का गं?"

"आहे की. खसखशीवाचून चव कसली?"

ही खसखस अफूच्या बोंडातलीच. आपल्याकडे वाण्याच्या दुकानात ती उघड मिळते. पण संयुक्त अरब अमिरात आणि सौदी अरेबियात ती अमली पदार्थांत धरतात. चिमूटभर सापडली तरी माणूस तुरुंगात जाऊ शकतो. खसखस नाही, अनारसा नाही, खसखस घातलेला मसाला नाही. आईने खसखस न घालता लाडू पुन्हा बांधावेत. खोकल्याच्या आणि दुखण्यावरच्या काही औषधांवरही तिकडे बंदी आहे. औषध लागतच असेल तर डॉक्टरची चिठ्ठी हवी, आणि ते चालते की नाही हे निघण्याआधी विचारून घ्यावे. शेजाऱ्याने दिलेले बांधलेले पुडके तर नेऊच नये. शेजारी रागावला तर रागावू द्या.

घरी एक डबा करावा. त्यात पासपोर्ट, व्हिसा, करार, विमा आणि एजंटाची पावती, या सगळ्यांच्या प्रती ठेवाव्यात. मालकाच्या कंपनीचे नाव, तिचा फोन आणि त्या देशातल्या आपल्या वकिलातीचा फोन एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहावा. निघण्याच्या आदल्या रात्री घरधनिणीने तो कागद एकदा मोठ्याने वाचून दाखवावा. कुठे अडखळली, तर तेवढे पुन्हा ठळक लिहून काढावे.