टिंब वर की खाली?

परभणीत काही विद्यार्थी संगीताचं मासिक तयार करतायत, बघून या, असं संपादकांनी फोनवर सांगितलं. मी फारशा उत्साहानं निघालो नाही. विद्यार्थ्यांचे असे प्रकल्प पाहिलेले असतात. गिटार घेतलेला मुलगा मुखपृष्ठावर, नाव तिरप्या अक्षरांत, आत इंटरनेटवरून उतरवलेल्या फोटोंची रांग, शेवटी आभार. स्टेशनवरून निघताना रिक्षावाल्यानं ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ऐकवलंच. बाहेरच्या माणसाला ते ऐकवल्याशिवाय हे गाव सोडत नाही.

अंक छापून येईपर्यंत महाविद्यालयाचं नाव लिहू नका, ही मुलांची अट. ती मला आवडली, म्हणून पाळतो. संगीत विभागाची खोली लहान आहे. दोन तानपुरे खोळीत, एक हार्मोनियम, तबल्याच्या दोन जोड्या, आणि भिंतीवर दोऱ्याला चिमट्यांनी अडकवलेली सगळ्या अंकाची कच्ची पानं. भित्तिपत्रकाची सवय इथं कामी आली आहे. मराठवाड्यातल्या कितीतरी लिहिणाऱ्यांचं पहिलं अक्षर महाविद्यालयाच्या काचफलकात लागलं होतं, आणि कुठलाही अंक आधी भिंतीवर बघायचा ही त्यातलीच रीत.

आखणी साधी आहे. मोठे आठ कागद मधोमध दुमडून एकात एक घातले की बत्तीस पानांची डमी होते, मुखपृष्ठ वेगळं. मध्ये पिन मारायची तर पानांची संख्या चारच्या पटीतच हवी, आणि एक लेख पानभर वाढला तर बाकी तीन पानांचं काय करायचं हा प्रश्न उभा राहतो. मुलांना हे छापखान्यात गेल्यावर कळलं. तोवर त्यांची पानं एकतीस होती. आतला मजकूर मात्र परभणीचाच ठेवलाय. सय्यद शाह तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा फेब्रुवारीतला उरूस आणि तिथली कव्वाली, आकाशवाणीच्या परभणी केंद्रावर गायलेल्या जुन्या कलाकारांच्या आठवणी, गोंधळ्यांचं संबळ, हार्मोनियम दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराची मुलाखत, नव्या मराठी अल्बमची परीक्षणं. परीक्षणं सगळ्यांत कच्ची. ‘अप्रतिम’ हा शब्द इतक्यांदा आला होता, की विभागाच्या सरांनी तो अंकातून हद्दपार केला.

या मुलांच्या आधी हा उद्योग कुणी केला, याचा एक तक्ता दारामागे लावलेला आहे. विष्णु दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. गाणं शिकवायचं तर पुस्तकं हवीत, पुस्तकं हवीत तर छापखाना हवा, म्हणून त्यांनी छापखानाच घातला आणि ‘संगीतामृत प्रवाह’ नावाचं मासिकही चालवलं. पुढं मुंबईतली त्यांची इमारत कर्जापायी गेली. १९३१ मध्ये ते गेले, आणि त्याच वर्षी शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. आज परभणी, सेलू, गंगाखेडच्या क्लासमधली मुलं ‘प्रारंभिक’पासून ‘विशारद’पर्यंत ज्या परीक्षा देतात, त्या याच मंडळाच्या. मंडळाचं मासिक ‘संगीत कला विहार’. त्याचं संपादन अनेक वर्षं मिरजेचे बी. आर. देवधर (१९०१–१९९०) यांनी केलं. हे देवधर म्हणजे पलुस्करांचे शिष्य, कुमार गंधर्वांचे गुरू, आणि मुंबईतल्या आपल्या शाळेत देशभरच्या उस्तादांना बोलावून, त्यांच्याशी बोलून ते लिहून ठेवणारा माणूस. ‘थोर संगीतकार’ हे पुस्तक त्या लेखनातून झालं. सिंदे खाँसारख्या फकिरी वृत्तीच्या, लोक वेडा म्हणतील अशा गवयावरही त्यांनी मन लावून लिहिलं. मला विचाराल तर मुलांनी तक्ता काढून टाकून तो एक लेख भिंतीवर लावावा. परीक्षणं कशी लिहावीत ते आपोआप कळेल.

हे सगळं बघून मी उठणारच होतो. पण खिडकीजवळच्या संगणकापाशी एक मुलगी कानाला हेडफोन लावून एकच पान पुन्हा पुन्हा उघडत-मिटत होती. अंकातलं एकोणिसावं पान, स्वरलिपीचं. मी आलो ते या अंकासाठी. पण थांबलो ते या पानासाठी.

स्वरलिपी म्हणजे गाणं अक्षरांत मांडायची पद्धत, आणि आपल्याकडं ती एक नाही. पलुस्करांची वेगळी, विष्णु नारायण भातखंड्यांची वेगळी. परीक्षेला दोन्ही विचारतात. भातखंड्यांच्या पद्धतीत अक्षरावर टिंब म्हणजे तार सप्तक आणि खाली टिंब म्हणजे मंद्र. पलुस्करांकडं अक्षरावरचं टिंब मंद्राचं, आणि तार सप्तक दाखवायला डोक्यावर उभी रेघ. तीच उभी रेघ भातखंड्यांकडं ‘म’वर आली की तो तीव्र मध्यम होतो. तालाची सम दाखवायला भातखंडे फुली मारतात, तालातल्या ‘खाली’ला शून्य. पलुस्कर समेला १ लिहितात आणि खालीला अधिकचं चिन्ह. म्हणजे एकाच कागदावरचं एकच टिंब एका घराण्यातल्या मुलाला वर चढवतं आणि दुसऱ्याला खाली उतरवतं. माझ्या मते पलुस्करांची पद्धत जास्त बारकाईची आहे. अर्धी मात्रा, पाव मात्रा यांना तिच्यात स्वतंत्र खुणा आहेत. पण टिकली ती सोपी. भातखंड्यांच्या ‘क्रमिक पुस्तक मालिके’चे सहा भाग घरोघर गेले, मूळ मराठीत असूनही आज बहुतेकांच्या हाती हाथरसच्या हिंदी आवृत्तीत असतात. मुलांनीही भातखंडेच घेतले.

एकोणिसाव्या पानावर जनाबाईचा अभंग आहे. जनाबाई गंगाखेडची, म्हणजे याच जिल्ह्यातली. गावच्या भजनी मंडळात गातात ती चाल मुलीनं मोबाइलवर ध्वनिमुद्रित केली आणि लिहायला घेतली. भजनी ठेका आठ मात्रांचा. पानाची छापायची रुंदी एकशेऐंशी मिलिमीटर, म्हणजे एका मात्रेला साडेबावीस. इथवर गणित सोपं. मग अक्षरं आली.

कोमल गंधार लिहायचा तर ‘ग’खाली आडवी रेघ हवी. ती ठळक करायच्या बटणाशेजारच्या अधोरेखेनं दिली, की पान जुळवताना पूर्ण ओळीखाली पसरते. मग तिनं शोधून काढलं, की वेदपाठातल्या अनुदात्ताची खूण युनिकोडमध्ये आहे आणि ती अक्षराला चिकटून बसते: ग॒, ध॒. उभी स्वरित-रेघही तिथंच सापडली: म॑. वैदिकांच्या खुणा भजनाच्या कामी आल्या, आणि मला यात काहीच गैर वाटत नाही. तार सप्तकाला अनुस्वार चालून गेला: सां, रें, गं. मंद्राचं टिंब म्हणजे नुक्ता, आणि तो हट्टी आहे. ‘नि’ टंकून मग नुक्ता दिला तर काही ठिकाणी अक्षराशेजारी ठिपक्यांचं रिकामं वर्तुळ उमटतं. आधी न, मग नुक्ता, मग वेलांटी असा क्रम लावला तर टिंब जागेवर जातं. एका मात्रेत दोन-तीन स्वर आले तर त्यांच्याखाली कंस हवा. तो प्रत्येक ठिकाणी वेगळ्या लांबीचा, म्हणून हातानं काढावा लागतो. कणस्वर डोक्यावर डावीकडं, लहान आकारात. हा सारा खटाटोप आठ मात्रांच्या एका आवर्तनासाठी.

आणि मग फाइल छापखान्यात गेली. जिल्ह्याच्या गावातला डीटीपीवाला अजून श्रीलिपीत टंकतो, कोरलमध्ये पान लावतो. त्याचा हात त्यातच बसलेला. युनिकोडचा मजकूर त्याच्या फाँटात रूपांतरित झाला तेव्हा गद्य नीट आलं, पण स्वरलिपीतल्या आडव्या रेघा गायब. म्हणजे सगळे कोमल स्वर शुद्ध झाले. डीटीपीवाले काका पान दाखवून म्हणाले, “बघा ताई, एकदम स्वच्छ करून दिलं.” तिनं हसत हसत हात जोडले आणि ते पान चित्र म्हणून टाकायचं ठरवलं. चित्रातलं अक्षर कुणी बदलू शकत नाही. अर्थात चूक राहिली तर तीही कुणी दुरुस्त करू शकत नाही.

म्हणून त्या पानाचं प्रूफ तिथं वेगळ्या पद्धतीनं वाचतात. एक मुलगा, ज्यानं ती चाल कधी ऐकलेली नाही, पान हातात घेऊन जे छापलंय तेच गातो. ती समोर डोळे मिटून बसते. तो अडला नाही आणि चाल ओळखू आली, तर पान बरोबर. मी होतो तेव्हा दुसऱ्या ओळीत तो अचानक वर गेला.

“टिंब कुठं हाय बघ ना,” ती म्हणाली.

“वरच हाय की.”

“मग खालचं कुठं गेलं?”

खालचं टिंब वरच्या ओळीच्या कंसावर जाऊन बसलं होतं. डोळ्यांनी ते कुणालाच सापडलं नसतं. इतर एकतीस पानं वाचून तपासता येतात. हे एक पान गळ्यानं तपासावं लागतं. त्या खोलीत संगीताचं मासिक मला फक्त तिथंच दिसलं, बाकी सगळा छान सजवलेला महाविद्यालयीन अंक होता.

एकोणिसावं पान जमलं, तसं विसावं अवघड झालं. त्यावर जात्यावरची ओवी घ्यायची आहे. हेमा राईरकर आणि गी पॉयत्वँ यांनी सुरू केलेल्या संग्रहात महाराष्ट्रभरच्या बायकांच्या लाखाहून अधिक ओव्या आहेत. ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचा आवाजही त्यात आहे, आणि ताडकळस परभणीतलंच. मुलीनं मात्र आजीची ओवी घेतली. आजी जात्याच्या फिरण्यावर गाते. जातं जड गेलं की ओळ लांबते, दाणे संपत आले की चाल धावते. सम नाही, खाली नाही, मात्रांचे रकाने नाहीत. गंधार तर ना शुद्ध ना कोमल, मधेच कुठंतरी. रेघ द्यायची की नाही? सरांचं म्हणणं, जवळात जवळचा स्वर लिहावा, नाहीतर लिहायचंच कशाला. तिचं म्हणणं, रेघ दिली की आजी चुकीची गाते असं वाचणाऱ्याला वाटेल. मला तिचं पटलं, पण सरांचं काम पुढं सरकतं, हेही खरं. भातखंड्यांनी मैफिलीच्या बंदिशींसाठी केलेली ही चौकट जात्याला पुरत नाही, एवढं तर त्या कागदावर दिसतंच.

तिसरा मार्ग एका मुलानं काढला: पानावर क्यूआर कोड छापा, लोक ऐकतील. आजकाल कुणीही हेच सुचवेल. माझा विरोध नाही, पण काळजी आहे. ज्या खात्यावर ते ध्वनिमुद्रण ठेवलंय ते मुलगा पदवी घेऊन पुण्याला गेल्यावर कोण सांभाळणार? भातखंडे १९३६ मध्ये गेले आणि त्यांचं टिंब आजही गाता येतं. मुलांनी मध्यममार्ग काढून कोड छापायचा पण स्वरलिपी ठेवायची असं ठरवलं. त्यामुळं पानावर कोडसाठी जागा काढायला ओवीची एक ओळ कमी झाली, आणि त्यावरून नवा वाद.

त्याखेरीज हक्कांचा प्रश्न. सुरुवातीला मुलांना आवडती भावगीतं शब्द-स्वरांसह पूर्ण छापायची होती. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे कवीच्या मृत्यूनंतरचं साठावं वर्ष संपेपर्यंत हक्क वारसांकडं राहतात. ग. दि. माडगूळकर १९७७ मध्ये गेले, म्हणजे २०३७ संपेपर्यंत त्यांच्या शब्दांना परवानगी लागणार. शिवाय संगीतकाराचा हक्क वेगळा, ध्वनिमुद्रणाचा वेगळा. परीक्षणात एखादी ओळ उद्धृत करता येते, गाणं उचलून छापता येत नाही. सरांनी सरळ नियम केला: हयात आणि अलीकडच्या कवींचं पूर्ण गाणं नाही, इंटरनेटवरचा फोटो नाही. त्यानं अर्धा अंक रिकामा झाला होता. तिथं मुलांनी काढलेली रेखाचित्रं आली, आणि माझ्या मते अंकाचा चेहरा त्यांनीच सावरला. जनाबाई अशी सहज आत आली नाही. आधी बरंच काही बाहेर गेलं तेव्हा तिच्यासाठी जागा झाली.

पैशांचं गणित अजून जुळलेलं नाही. एक पान वाद्यांच्या दुकानाला, एक क्लासला, एक मोबाइलवाल्याला विकायचं ठरलंय. मोबाइलवाल्याला शेवटचं रंगीत पान हवंय, आणि संबळावरचा लेख काळ्या-पांढऱ्यात जातोय. नोंदणीचा घोळही आहेच. एकच अंक काढायचा तर तो नियतकालिक ठरत नाही. पण मुलांना दर सहा महिन्यांनी काढायचाय, आणि मग १८६७च्या जुन्या कायद्याच्या जागी आलेल्या २०२३च्या कायद्याप्रमाणे शीर्षक मंजूर करून घ्यावं लागेल. पाच जणांनी पाच नावं सुचवली आहेत. एकही नाव आधी कुणी घेतलेलं नसेल याची खात्री नाही, म्हणून मुखपृष्ठावर सध्या नावाच्या जागी चौकोन आहे.

परीक्षा तोंडावर आहेत. काम करणाऱ्यांत तिसऱ्या वर्षाची मुलं जास्त. ती गेली की वैदिक खुणांचं गुपित ठाऊक असलेलं कुणी उरणार नाही. म्हणून सरांनी त्या मुलीला एक काम दिलंय: पुढच्या तुकडीसाठी कुठलं टिंब कुठल्या कळीनं येतं त्याचं दोन पानी टिपण. ते टिपण तिनं केलंय, अंकाच्या आधी. विसाव्या पानावर मात्र तिची आणि सरांची अजून सहमती नाही. छापखान्याला फाइल सोमवारी हवी आहे. काका म्हणतायत, पान मोकळं सोडा, तिथं एखादी जाहिरात बसवून देतो.