ऊन मुबलक, तरी हाडे मऊ

सुरत शहर कर्कवृत्ताच्या दक्षिणेस, सुमारे २१ अंश अक्षांशावर वसलेले आहे. येथे उन्हाला तोटा नाही. अशा गावी मुलांना मुडदूस कसा होईल, असे प्रारंभी मलाही वाटत असे. हा समज दूर केला तो लिंबायतच्या एका चार वर्षांच्या मुलाने.

वडील यंत्रमाग कामगार, कुटुंब मूळचे धुळे जिल्ह्यातले. मुलाचे पाय बाकलेले, मनगटे रुंद. मी ड जीवनसत्त्वाची पुडी दिली. तीन महिन्यांनी पुन्हा दिली. पाय तसेच राहिले. आई म्हणाली, "डॉक्टरसाहेब, पोरगं दिवसभर उन्हातच खेळतं. मग याला कमी काय पडतंय?" माझ्याजवळ उत्तर नव्हते. रक्त तपासले, तर ड जीवनसत्त्वाची पातळी २६ नॅनोग्रॅम, म्हणजे पुरेशी. अल्कलाइन फॉस्फटेज मात्र वाढलेलेच.

त्वचेत तयार झालेले हे जीवनसत्त्व यकृतात साठवणीचे रूप घेते व मूत्रपिंडात सक्रिय होते. हा साठा सर्वांच्या शरीरात सारख्या गतीने खर्च होत नाही. आहारात कॅल्शियम अपुरे असल्यास सक्रिय रूप वाढते आणि साठ्याचा नाश वेगाने होतो, हे क्लेमेंट्स, जॉन्सन व फ्रेझर यांनी १९८७ साली उंदरांवरील प्रयोगांत दाखविले. १९९८ साली अवुमे, बेल आदी संशोधकांना अमेरिकेच्या (यूएसए) दक्षिणेकडील राज्यांत राहणाऱ्या भारतीयांच्या त्वचापेशींत हे जीवनसत्त्व निकामी करणारे विकर अधिक क्रियाशील आढळले. नायजेरियात तर १९९९ साली मुडदूस झालेल्या मुलांना एकट्या ड जीवनसत्त्वापेक्षा कॅल्शियमचा गुण अधिक आला.

परिसराचाही वाटा असतो. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिल्लीच्या धुरकट मोरी गेट भागातील बालकांची सरासरी पातळी १२.४, तर स्वच्छ हवेच्या गुडगावमधील बालकांची २७.१ नॅनोग्रॅम होती. शहरे शेजारची, सूर्य एकच!

मग मी त्या माउलीला प्रथमच विचारले, "हा जेवतो काय?" पोळी, डाळ-भात, दूध केवळ चहापुरते. जे पहिल्याच दिवशी विचारायला हवे होते, ते मी सहा महिन्यांनी विचारले. मूत्रपिंडाचा विकार नाही याची खात्री करून कॅल्शियम सुरू केले. ताक, तीळ आणि डांगची नागली खाण्यास सांगितले. वर्षभरात पाय बरेच सरळ झाले.

व्यवसायबंधूंना विनंती एवढीच: अंगावर पिणाऱ्या बाळाला वर्षभर रोज ४०० युनिट ड जीवनसत्त्व अवश्य द्यावे, परंतु मोठ्या मुलाच्या हाती पुडी देण्यापूर्वी त्याच्या ताटात काय आहे, हेही विचारावे. मुले एकाच उन्हात खेळत असली, तरी त्यांची ताटे एकसारखी नसतात.