उघड्या मोटारीची पोलादी कमान

छप्पर असलेली मोटार उलटली, तर तिचे छप्पर, खांब आणि दारांच्या चौकटी मिळून आतल्या माणसांभोवती एक पिंजरा उभा करतात. उघड्या मोटारीला असे संरक्षण नसते. वाऱ्याचे सुख तिने छपराच्या मोलाने विकत घेतलेले असते. ती उलटली, की जमिनीला प्रथम भिडते ती समोरच्या काचेची चौकट, आणि मागोमाग आत बसलेल्यांची मस्तके. ही उणीव भरून काढण्यासाठी आसनांच्या पाठीमागे पोलादी नळीची जी कमान बसवितात, तिला रोल बार म्हणतात.

शर्यतींच्या जगालाही हिची आवश्यकता उशिराच पटली. फॉर्म्युला वनची जागतिक स्पर्धा १९५० साली सुरू झाली. कमान सक्तीची झाली ती १९६१ साली. त्या काळच्या कित्येक कमानी चालकाच्या डोक्याहून बुटक्या होत्या, म्हणजे नियम पाळल्याचे समाधान एवढाच त्यांचा उपयोग! आधुनिक काळातही ही विद्या पूर्ण झाली, असे मानण्याचे कारण नाही. २०२२ साली सिल्व्हरस्टोनला झोऊ ग्वानयू या चालकाची गाडी उलटून घसरत गेली, तेव्हा तिची कमान मोडून पडली. त्याचे प्राण वाचले ते डोक्याभोवतीच्या 'हेलो' नामक दुसऱ्या कड्यामुळे.

हौशी चालकांच्या बाबतीत या कमानीचा संबंध विशेषेकरून माझ्दा कंपनीच्या एमएक्स-५ या छोट्या, दोन आसनी मोटारीशी येतो. ती १९८९ साली बाजारात आली आणि २०१६ पर्यंत तिच्या दहा लाख गाड्या तयार झाल्या. सुटीच्या दिवशी ती शर्यतीच्या मार्गावर नेणारे लोक पुष्कळ. आणि अमेरिकेतील बरेच आयोजक उघड्या गाडीला कमानीवाचून मार्गावर येऊच देत नाहीत.

कमानीची नळी सामान्यतः १.७५ इंच व्यासाची आणि सुमारे ३ मिलिमीटर जाडीची असते. पाण्याच्या नळाचा तुकडा वाकवून हे काम भागत नाही. आघाताखाली तडकण्याऐवजी वाकेल असे चिवट पोलाद हवे, आणि ते वळविताना वाकणावर चुणी पडता कामा नये. एकटी कमान मागे किंवा पुढे कोलमडेल, म्हणून तिच्या माथ्यापासून मागच्या बाजूस दोन तिरक्या टेकणी जातात.

खरे मर्म मात्र कमानीत नसून तिच्या पायात आहे. मोटारीच्या अंगाचा पत्रा जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा. त्यावर नळी नुसती टेकविली, तर गाडी उलटताच ती त्या पत्र्यातून आरपार जाईल. चिखलात खाटेचा खूर रुततो तशी. यासाठी प्रत्येक पायाखाली रुंद पट्टी आणि पत्र्याच्या पलीकडून तशीच दुसरी पट्टी ठेवून, दोन्ही उच्च प्रतीच्या बोल्टांनी आवळतात. एमएक्स-५ मध्ये इंधनाची टाकी आसनांच्या मागेच असल्याने भोक पाडण्यापूर्वी पत्र्याच्या पलीकडे काय आहे ते पाहणे अगत्याचे. भोकाच्या उघड्या कडांना गंजरोधक रंग द्यावा. नाही तर जी जागा सर्वांत बळकट हवी तीच आधी कुजू लागते.

उंचीची कसोटी झाडूच्या दांड्याने घेतात. चालकाने शिरस्त्राण घालून नेहमीसारखे बसावे, कमानीच्या माथ्यापासून काचेच्या चौकटीच्या माथ्यापर्यंत दांडा धरावा, आणि शिरस्त्राण त्याच्या किमान २ इंच खाली राहावे. उंच माणसे येथे हमखास नापास होतात. त्यांना आसनच खाली घ्यावे लागते, कारण कमान फार उंच केली तर कापडी छत मिटत नाही.

रोजच्या रस्त्यावर एक निराळा धोका उद्भवतो. तेथे डोक्यावर शिरस्त्राण नसते. मागून धडक बसली की आसनाची पाठ लवते आणि मस्तक त्या रक्षणकर्त्या पोलादावरच आदळू शकते. म्हणून डोके पोहोचेल तेवढ्या भागावर टणक, दाट फेसाची गादी चढवितात. मऊ स्पंज हाताला सुखद लागतो. आघाताच्या क्षणी तो तत्काळ चेपून जातो. मर्सिडीजने १९८९ च्या आपल्या एसएल गाडीत या अडचणीवर वेगळा तोडगा काढला होता: कमान एरवी आडवी दडलेली असे आणि गाडी कलंडू लागताच ०.३ सेकंदांत उभी राही.