सूत आणि साचा

उन्हाळ्याची सुट्टी हा शिक्षकांच्या विश्रांतीचा काळ, असा एक समज समाजात रूढ आहे. सरकारी शाळेच्या मुख्याध्यापकाला तो बाळगण्याची चैन परवडत नाही. वर्गांत मुले असतात तोवर भिंतींची ओल आणि लाकडातली वाळवी नजरेआड राहते. मुले गेली की ती दोन्ही समोर येऊन उभी राहतात. गेल्या उन्हाळ्यात आमच्या नेरडीगोंड्याच्या शाळेतील पुस्तकांच्या खोलीत मी मांडणीची एक फळी झटकण्यासाठी उचलली आणि ती बिस्किटासारखी हातात मोडली. पाचही मांडण्यांची तीच गत होती.

त्या मांडण्यांत आणखी एक खोड होती आणि ती वाळवीच्याही आधीपासूनची. एका मांडणीची फळी दुसरीत बसत नसे. इतकेच नव्हे, तर त्याच मांडणीतली वरची फळी खालच्या खाचेत जात नसे. म्हणून प्रत्येक फळीच्या पोटावर खडूने आकडा घातलेला होता आणि झाडलोटीनंतर फळ्या परत लावण्यात आमच्या शिपायाचा अर्धा दिवस मोडत असे. त्या कोणी केल्या हे सांगण्यात अर्थ नाही. करणाऱ्याने आळस केला असेही मला वाटत नाही. त्याने प्रत्येक फळी वेगळी मोजली, वेगळी आखली आणि वेगळी कापली, एवढाच त्याचा अपराध.

आमचे गाव हैदराबाद-नागपूर हमरस्त्यावर, निर्मल आणि आदिलाबाद यांच्या मध्ये आहे. बाहेरची माणसे कुंतालाच्या धबधब्याकडे जाताना येथे वळतात. लाकडाचे या भागाला वावडे नाही. आदिलाबादचा साग प्रसिद्धच आहे आणि पोनिकी नावाच्या हलक्या लाकडापासून केलेली निर्मलची रंगीत खेळणी आपल्यापैकी अनेकांच्या घरांत असतील. परंतु आता सागाची फळी सरकारी शाळेच्या आवाक्यात राहिलेली नाही. मी आठ फूट बाय चार फुटांचे प्लायवूडचे सहा तक्ते आणवले आणि सुतारकाकांच्या घरी गेलो.

काकांचे वडील पैनगंगेपलीकडून या बाजूला आले. गावातली तेलुगू माणसे काकांना ‘वड्रंगी’ म्हणतात. आम्ही मराठी माणसे सुतारकाका म्हणतो. काटकोन तपासण्याच्या अवजाराला ते माझ्याशी बोलताना ‘गुण्या’ म्हणतात आणि हाताखालच्या पोरांशी बोलताना ‘मूलमट्टम’. वय सत्तरीच्या पुढे. एका डोळ्यातला मोतीबिंदू काढलेला, दुसऱ्यातला काढायचा. दोन वर्षांपासून त्यांनी करवत हातात धरली नव्हती. “रेघच दिसत नाही गुरुजी, तर कापू काय?” एवढेच ते म्हणाले आणि मुलाकडे बोट दाखवून गप्प बसले.

मराठीच्या विद्यार्थ्याला ‘सुतार’ हा शब्द ‘सूत्रधार’ या शब्दापासून आला हे ठाऊक असते. ज्याच्या हाती सूत, म्हणजे रेषा आखण्याची दोरी, तो सूत्रधार. नाटकातल्या सूत्रधाराशी त्याचे नाते आहे हे आपण लक्षात ठेवतो. लाकडाशी असलेले नाते मात्र विसरतो. तेच सूत पुढे मापही झाले. आठ सुतांचा एक इंच, म्हणजे एक सूत सव्वातीन मिलिमीटरांहून किंचित कमी. काका अजून सुतांतच बोलतात. अशा माणसाला रेघ दिसेनाशी व्हावी, याचे दुःख मला त्या ओसरीवर बसल्या बसल्या कळले.

मुलाचे काम वेगळ्या चालीचे. आजकाल बहुतेक सुतारांच्या हाती असते तसे त्याच्या हाती ‘मार्बल कटर’ होते. हे यंत्र मुळात संगमरवर आणि फरशी कापण्यासाठी केलेले. त्याला लाकडाचे पाते बसवून आपल्याकडे सर्रास प्लायवूड कापतात. पाते मिनिटाला दहा हजारांहून अधिक फेरे घेते, त्याला लाकडाच्या करवतीसारखे झाकण नसते आणि नुसत्या हाताच्या भरवशावर ते पेन्सिलीच्या रेघेवरून चालवायचे. यंत्र जरा तिरके झाले की पाते छेदात अडकते आणि सगळे धूड उलट अंगावर येते. मुलाच्या डाव्या अंगठ्यावरचा पांढरा वण मी पाहिला. हे यंत्र शाळेच्या आवारात चालणार नाही, अशी अट मी घातली. तो काहीसा नाराज झाला, पण निर्मलच्या एका ओळखीच्या कारागिराकडून लाकडासाठीच बनवलेली, पात्यावर झाकण असलेली सात इंची सर्क्युलर सॉ घेऊन आला. या यंत्राचा उगम मोठा गमतीचा आहे. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स येथे एडमंड मिशेल नावाच्या माणसाने शेतमजुरांना कोयत्याने ऊस तोडताना पाहिले आणि त्या कोयत्याला मोटर जोडण्याच्या खटपटीतून १९२० नंतरच्या दशकात हातात धरून चालवण्याची गोल करवत जन्माला आली. ऊस आपल्याकडेही थोडा नव्हता!

अशी करवत ॲल्युमिनियमच्या रुळावरून आगगाडीसारखी चालवण्याची तयार यंत्रेही आता मिळतात. काप आरशासारखा येतो. त्यांची किंमत मुलाने सांगितली तेव्हा काका हसले. म्हणाले, “रूळ तं आपण घरीच करू. त्यात काय हाय?”

आणि त्यांनी तो करवून घेतला. सहा मिलिमीटर जाडीची, आठ फूट लांब आणि हातभर रुंद अशी प्लायची पट्टी खाली. तिच्यावर अंदाजे मधोमध बारा मिलिमीटरची दुसरी, अरुंद पट्टी सरसाने आणि स्क्रूने बसवलेली. करवतीची लोखंडी बैठक या वरच्या पट्टीला टेकून सरकते. पहिल्या खेपेस करवत अशी चालवली, की खालच्या पट्टीचा जास्तीचा भाग पात्यानेच कापला गेला. झाले! आता खालच्या पट्टीची कड म्हणजेच पात्याची वाट. बैठकीपासून पाते किती दूर, ही बेरीज-वजाबाकी करण्याची गरज उरली नाही. पट्टीची कड रेघेवर ठेवायची, दोन्ही टोकांना शिकंजे आवळायचे आणि करवत ढकलायची. वरच्या पट्टीमागे शिकंज्यांसाठी भरपूर जागा सोडायला मात्र विसरू नये, नाहीतर मोटर त्यांच्यावर आपटते. खालची पट्टी कापाच्या अगदी काठावर लाकूड दाबून धरते, म्हणून वरच्या पापुद्र्याच्या कपच्याही उडत नाहीत.

पण वरची पट्टीच वाकडी असेल तर? येथे काकांनी जे केले ते मी भूमितीच्या तासाला पुष्कळ वेळा सांगितले आहे. केले कधीच नव्हते. तक्त्यावर पट्टी ठेवून मुलाकडून तिच्या कडेने रेघ ओढवली. मग पट्टीची टोके अदलाबदल करून तीच कड त्याच दोन बिंदूंना टेकवली आणि दुसरी रेघ ओढवली. दोन्ही रेघा एकच दिसल्या तर पट्टी सुतासारखी सरळ. मध्ये फट दिसली तर त्या फटीच्या निम्मा बाक पट्टीत आहे. चूक दुप्पट होऊन समोर येते, म्हणून मंद डोळ्यालाही दिसते. पहिली पट्टी नापास झाली, दुसरी पास.

आडवे काप घेण्यासाठी आखूड रुळाच्या पोटाला काटकोनात एक आडपट्टी बसवली. काटकोन आधी तीन-चार-पाच या मापाने पाहिला. बौधायनाच्या शुल्बसूत्रात अशा जोड्या दिलेल्या आहेत आणि शुल्ब म्हणजेही दोरीच. सूत येथेही सुटत नाही. एवढ्याने काकांचे समाधान होईना. त्यांनी हातभर चौरस तुकडा घेतला. त्याची एक कड कापवली, ती कड आडपट्टीला लावून पुढची, अशा चारही कडा क्रमाने कापवल्या आणि पाचव्या खेपेस पुन्हा पहिल्याच कडेची बारीक चीप काढवली. काटकोनात काही खोट असेल तर ती चार वेळा साठून त्या चिपेत उतरते: चिपेचे एक टोक जाड, दुसरे बारीक. विज्ञानाच्या कपाटातला व्हर्नियर कॅलिपर मी आणला. सुट्टीतही आवारात खेळायला येणारी नववीची चार मुले होती. त्यांना यंत्रापासून लांब, व्हरांड्यात बसवून मोजायला दिले. चिपेची लांबी ४० सेंटिमीटर, दोन टोकांच्या जाडीतला फरक २ मिलिमीटर. “भागिले चार, सर,” एक मुलगी म्हणाली. अर्धा मिलिमीटर. आडपट्टीचा एक स्क्रू सैल करून तिच्या टोकाशी कागदाचे तुकडे सारून काटकोन दुरुस्त झाला. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत हस्तोद्योगातून शिक्षण द्यावे असे ठरले, हे मी बी. एड.ला परीक्षेपुरते पाठ केले होते. वर्धा येथून फार दूर नाही.

यानंतरचे काम वेगाने झाले. प्रत्येक तक्त्याच्या ३० सेंटिमीटर रुंदीच्या चार पट्ट्या. रुंदी एकसारखी यावी म्हणून रुळाच्या दोन्ही टोकांशी एकाच मापाचे दोन ठोकळे. तक्त्याखाली थर्मोकोल, पाते लाकडाच्या जाडीहून जेमतेम जास्त उतरवलेले. पाते स्वतः दोनेक मिलिमीटर लाकूड खाते, हे हिशेबात न धरणाऱ्याची शेवटची पट्टी नेहमी अरुंद येते. आम्ही ते धरले होते. सहा तक्त्यांच्या चोवीस पट्ट्या झाल्या. दहा पट्ट्या उभ्या बाजूंना गेल्या, चौदांतून ८० सेंटिमीटर लांबीच्या बेचाळीस फळ्या निघायच्या. चाळीस पुरेशा होत्या.

या चाळीस फळ्यांसाठी मुलगा पहिलीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी आखायला निघाला. काकांनी त्याचा हात धरला. पेन्सिलीच्या रेघेचीही जाडी असते. दर वेळी अर्धा मिलिमीटर वाढला तर चाळिसावी फळी पहिलीपेक्षा जवळजवळ दोन सेंटिमीटरने लांब! मला पोथ्यांची आठवण झाली. ज्ञानेश्वरीची नक्कल, नकलेवरून पुढची नक्कल, असे करता करता अपपाठ साचत गेले. शेवटी शके १५०६ मध्ये एकनाथांना प्रती जमवून शुद्ध पाठ सिद्ध करावा लागला. काकांनी नकलेचा प्रश्नच ठेवला नाही. रुळापासून ८० सेंटिमीटरवर त्यांनी एक आडठोकळा पक्का केला. फळी त्याला टेकवायची आणि कापायची, मोजायचे नाहीच. ठोकळ्याची खालची धार त्यांनी पटाशीने तासून घेतली होती. का, असे विचारले तर म्हणाले, भुसा जायला जागा. ठोकळ्याशी चिमूटभर भुसा साठला तरी फळी तेवढी आखूड होते.

ठोकळ्याचे अंतर मोजण्याचा मान मी मागून घेतला होता. सदोतीस फळ्या कापून झाल्यावर काकांनी आपली पितळी बिजागरीची जुनी मोजपट्टी काढली, एक फळी मोजली, नखाने टोक चाचपले आणि म्हणाले, “गुरुजी, ही ऐंशी नाही.” ती एक मिलिमीटरने आखूड होती. दुसरी तशीच. सदोतीसही तशाच. दोष माझ्या टेपचा; खरे म्हणजे माझा. टेपच्या टोकाचा आकडा सैल हलतो म्हणून मी मागे कधीतरी घरी हातोडीने तो पक्का ठोकला होता. तो मुद्दामच सैल ठेवलेला असतो. बाहेरून अडकवताना तो आपल्या जाडीइतका पुढे सरकतो, आतून टेकवताना तेवढाच मागे जातो, म्हणून दोन्ही मापे खरी येतात. मी त्याला मागच्या जागी खिळवला होता आणि माझी एक मिलिमीटरची विद्वत्ता साच्याने सदोतीस वेळा इमानाने उतरवली होती.

माझा चेहरा पडला. सरकारी पैसा, नवे लाकूड. काकांनी मात्र दहाबारा फळ्या एकावर एक उभ्या करवल्या, डोळे मिटून त्यांच्या टोकांवरून तळहात फिरवला आणि मोठ्याने हसले.

“सगळ्या सारख्याच हायेत ना? मंग काहून घाबरता?”

मला समजायला थोडा वेळ लागला. वरची, खालची, मधली, प्रत्येक आडवी फळी तेवढीच आखूड असेल तर मांडणी काटकोनातच उभी राहते. फक्त एका मिलिमीटरने अरुंद. जुन्या मांडण्यांत काही फळ्या बरोबर होत्या आणि काही चुकीच्या, म्हणून खडूचे आकडे घालावे लागले. येथे सगळ्याच चुकीच्या होत्या आणि काम बिनबोभाट पार पडले. उरलेल्या तीन फळ्या काकांनी मुद्दाम त्याच चुकीच्या ठोकळ्यावर कापवल्या. मी ठोकळा सरकवायला गेलो तेव्हा त्यांनी मला चक्क हटकले.

त्या आठवड्यात बापलेकांचे भांडण झालेले मी ऐकले नाही. मुलाच्या मते बाबा जुन्या जमान्याचे, काकांच्या मते पोराला हात नाही, हे गावाला ठाऊक असलेले वाद. आता काका खुर्ची टाकून बसत, बोटांनी कडा चाचपत, ठोकळे तासत, मुलगा कापी. अमुक रुंदीच्या दारांसाठी एक साचा करून द्या, असे तो शेवटच्या दिवशी बापाला म्हणाला. काकांनी लगेच होकार दिला नाही. दुसऱ्या डोळ्याचे होऊ दे, म्हणाले.

जूनमध्ये शाळा उघडली. पुस्तके लावताना सातवीच्या मुलींनी फळ्या कोणत्याही मांडणीत कशाही घातल्या आणि आमचा शिपाई खडू घेऊन बराच वेळ उभा राहिला. साचा पुस्तकांच्या खोलीत दाराआड खिळ्याला टांगलेला आहे. त्याच्या पाठीवर काकांनी मुलाकडून पेन्सिलीने लिहवून घेतले आहे: ‘८०, गुरुजींचे.’