दगडासोबत आलेली वस्ती

मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली उघडलं, तेव्हा समुद्रातले मासे घरात पाळणं ही फार दूरची गोष्ट होती. दहा वर्षांनी, १९६१मध्ये, जकार्तातल्या ली चिन एंग यांनी एका अमेरिकी मासिकातून आपली रीत मांडली. समुद्रातून जिवंत दगड आणायचा, टाकीत रचायचा आणि हवेचे बुडबुडे सोडायचे. माशांच्या विष्ठेतून होणारा अमोनिया दगडाच्या भोकाभोकांत राहणारे जिवाणू पचवतात. रीत साधी होती आणि ती चालली. पण त्या भोकांत फक्त जिवाणू नसतात. गेल्या साठ वर्षांत खाऱ्या टाकीच्या हौशी माणसांना छळणारे कितीतरी जीव अशा दगडात दडूनच घरात शिरले.

त्यांत सगळ्यांत चिवट ॲप्टेशिया. बोटभर उंचीचं, तपकिरी, काचेसारखं आरपार दिसणारं समुद्रफूल. नव्या टाकीत ते पहिल्यांदा दिसतं तेव्हा आनंदच होतो, आपल्या पाण्यात काहीतरी आपसूक उगवलं म्हणून. चिमट्याने ओढू गेलं की ते दगडाच्या फटीत आक्रसून बसतं आणि मागे उरलेल्या तळव्याच्या लहानशा तुकड्यातूनही नवं फूल उभं राहतं. एकाची दहा करायची असतील तरच ते खरवडावं. खात्रीचा उपाय म्हणजे पंप बंद करून चुन्याचा दाट लगदा सिरिंजने थेट त्याच्या तोंडात सोडणं. पेपरमिंट कोळंबीही ते खाते. बर्घिया नावाची समुद्री गोगलगाय तर ॲप्टेशियावरच जगते. ते संपलं की तीही उपाशी मरते, म्हणून जाणकार ती वेळीच दुसऱ्याच्या टाकीत पोहोचवतात.

केसाळ किड्यांवर मात्र अन्याय झाला. त्यांचे केस बोटात घुसले की आग होते, म्हणून दिसेल तो किडा मारण्याची घाई केली जाते. खरं तर टाकीत आढळणाऱ्या त्यांच्या बहुतेक जाती उरलंसुरलं आणि मेलेलं खाऊन वाळू स्वच्छ ठेवतात. घाबरायचं ते त्यांच्या अजस्र भाऊबंदांना. ब्रिटनमध्ये न्यूकीच्या ब्लू रीफ मत्स्यालयात २००९ साली प्रवाळं तुटलेली सापडू लागली. सापळे लावूनही चोर हाती लागेना. शेवटी एकेक दगड बाहेर काढून टाकी मोकळी केली, तेव्हा चार फूट लांबीचा किडा निघाला. मँटिस कोळंबी आणि दगडी खेकडे त्या मानाने सोपे. दगड जास्त खारट पाण्यात बुडवला की ते बाहेर पळतात. खेकड्यासाठी तिरका ठेवलेला काचेचा ग्लास आणि आत करंदीचा तुकडा पुरतो. आत उतरला की गुळगुळीत काचेवरून त्याला वर चढता येत नाही आणि तो अडकतो.

भारतात या गोष्टीला २००१ साली वेगळं वळण लागलं. त्या वर्षी जुलैमध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत सगळी कठीण प्रवाळं आली, समुद्रघोडे आणि समुद्री काकड्याही आल्या. प्रवाळाचा दगड काढणं आणि विकणं गुन्हा ठरला. हा निर्णय योग्यच होता. मन्नारच्या आखातातली आणि मालवणची प्रवाळं कुणाच्या दिवाणखान्यासाठी फोडली जाऊ नयेत. त्यानंतर कायद्याने चालणाऱ्याला सिमेंटचा किंवा सिरॅमिकचा कोरडा दगड वापरणं भाग होतं. त्यात चोर नसतात, तसे मित्रही नसतात. मग पहिले काही आठवडे काचेवर तपकिरी थर, त्यावर लाल-जांभळी चिकट साय, नंतर हिरवं केसाळ शेवाळ, हा क्रम ठरलेला. शेवाळ खाणारे बारीक जीव दगडातून आलेलेच नसतात, म्हणून ते माजतं. शिवाय गोगलगाईच्या शंखावरून, शेवाळाच्या जुडीतून, कुर्ल्याच्या बाजारातून लोकलने आणलेल्या माशाच्या पिशवीतल्या पाण्यातून नको ते जीव येतातच.

वसई-विरारमध्ये अशी टाकी मांडणाऱ्यापुढे आधी पाण्याचा प्रश्न उभा राहतो. टँकरचं किंवा बोअरचं पाणी तसंच वापरलं तर त्यातले क्षार शेवाळाला खत पुरवतात. म्हणून आरओचं पाणी घेऊन त्यात समुद्री मीठ मिसळावं लागतं. समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही त्याचा उपयोग होत नाही. दक्षिणेला उल्हासचं पाणी वसईच्या खाडीतून येतं, उत्तरेला अर्नाळ्याजवळ वैतरणा मिळते, आणि मधल्या किनाऱ्याचं पाणी गढूळ. मोह होतो तो ओहोटीला उघड्या पडणाऱ्या दगडांचा. पण या पट्ट्यातले जीव पावसाळ्यात जवळजवळ गोडं आणि मे महिन्यात पुरतं खारं पाणी सोसून जगलेले असतात. गोड्या पाण्यात बुडवून कीड मारण्याची युक्ती त्यांच्यापुढे लंगडी पडते.

एक धोका तर जिवावरचा आहे. मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यांवर झोअँथिड नावाचे फुलांसारखे प्राणी चटईसारखे पसरलेले असतात. ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा गट २०१७पासून लोकांना ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर नेऊन असे जीव दाखवतो. झोअँथिडांच्या काही नातलगांत पॅलीटॉक्सिन असतं. हवाईमध्ये १९७१ साली वेगळं केलेलं हे विष ज्ञात विषांपैकी अत्यंत जहाल. उकळल्यानेही ते जात नाही, उलट वाफेबरोबर घरभर पसरतं. २०१८मध्ये इंग्लंडच्या ऑक्सफर्डशायरमध्ये टाकीतली प्रवाळं साफ करताना एक कुटुंब विषबाधेने रुग्णालयात पोहोचलं. किडे मारायला दगड उकळू नये, हे प्रत्येक दुकानदाराने गिऱ्हाइकाला सांगायला हवं.

नवा मासा, नवं शेवाळ, नवा दगड आधी वेगळ्या टाकीत काही आठवडे ठेवणं हा आजवरचा सगळ्यात भरवशाचा उपाय. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचे जंतू कोश करून दगडावर आठवडेच्या आठवडे दबून राहतात आणि त्यावरचं तांब्याचं औषध मुख्य टाकीतल्या कोळंबी-प्रवाळांनाही मारतं. म्हणजे जे करायचं ते दारातच.

टाकीतून समुद्रात जाणारी वाट आणखी महागात पडते. मोनॅकोच्या समुद्रविज्ञान संग्रहालयाखाली १९८४मध्ये कॉलेर्पा टॅक्सिफोलिया या टाकीत वाढवलेल्या शेवाळाचा जेमतेम चौरस मीटरभर तुकडा दिसला आणि पुढे त्याने भूमध्य समुद्राचा हजारो हेक्टर तळ व्यापला. वसईतले नाले खाडीलाच मिळतात. टाकीतलं शेवाळ वाळवून कचऱ्यात टाकावं, मोरीत नव्हे.

हीच गोष्ट जहाजांच्या मापात मुंबईने आधीच पाहिली होती. पाचूबंदर, किल्लाबंदर, अर्नाळ्याचे मच्छीमार पावसाळी बंदीत, १ जून ते ३१ जुलै या काळात, बोटी किनाऱ्यावर ओढून तळ खरवडतात, कारण चिकटलेले कवचधारी जीव वेग खातात. मोठ्या जहाजांच्या तळाला आणि जहाज स्थिर राहावं म्हणून पोटात घेतलेल्या भरणपाण्यात असेच जीव समुद्र ओलांडतात. मूळचा कॅरिबियन पट्ट्यातला मायटिलॉप्सिस सॅलेई हा काळपट शिंपला १९६७मध्ये विशाखापट्टणमला आढळला, आणि १९७५पर्यंत मुंबईच्या गोद्यांतूनही त्याची नोंद झाली. तो इथून हटला नाही. ऑस्ट्रेलियातल्या डार्विनमध्ये मार्च १९९९मध्ये तोच शिंपला दिसला, तेव्हा तिथल्या गोद्यांना दारं होती म्हणून ती बंद करून पाण्यात क्लोरीन आणि मोरचूद ओतता आलं. शिंपला संपला, सोबत आतला बाकीचा जीवही.

भरणपाण्यावरच्या जागतिक ‘ग्लोबॅलास्ट’ प्रकल्पात मुंबई आणि जवाहरलाल नेहरू ही बंदरं निवडली गेली आणि गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने मुंबई आणि न्हावा-शेवा परिसरातल्या जिवांची पाहणी केली. पण नेहरू बंदर १९८९पासून चालू होतं आणि मुंबईच्या गोद्या शतकाहून जुन्या. मूळचे कोण आणि बाहेरून आलेले कोण, हे ओळखणं तोवर अवघड झालं होतं. भरणपाण्याबाबतचा आंतरराष्ट्रीय करार २००४मध्ये झाला, लागू व्हायला ८ सप्टेंबर २०१७ उजाडलं.

आता पालघर जिल्ह्याची पाळी आहे. डहाणूजवळच्या वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. स्थानिक मच्छीमारांचा त्याला विरोध आहे आणि त्यांच्या काळज्या रास्त आहेत. बंदर होणारच असेल, तर तिथल्या खडकांवर, गाळात आणि पाण्यात कोण राहतं याची संपूर्ण यादी पहिलं जहाज लागण्याआधी झाली पाहिजे, आणि ती डहाणू ते वसईच्या मच्छीमार संस्थांच्या हाती मराठीत पडली पाहिजे. जाळ्यात अनोळखी शिंपला आला, तर तो सगळ्यांत आधी त्यांनाच दिसणार आहे.